जाडीचा हिशोब: जुन्या मॉडर्न व्हिलात नवं कुठे घालायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. १९३० च्या दशकातला एक व्हिला तुमच्या ताब्यात आलाय, पांढरा, सपाट गच्चीचा, आडव्या लांबच लांब स्टीलच्या खिडक्यांचा. एक आर्किटेक्ट म्हणतोय की पहिल्या दिवशी होता अगदी तस्सा करू, दुसरा म्हणतोय बाहेरचं कवच ठेवू आणि आतलं सगळं काढून टाकू. तुम्हाला दोन्ही नकोय, जुनं राहावं, नवं त्यात नीट मिसळावं आणि मुख्य म्हणजे त्यात सुखाने राहता यावं. शिवाय चार फाटे फोडलेत: खिडक्या अ‍ॅल्युमिनियमच्या करू का, हिवाळ्यात घर गार पडतं तर जमिनीखालून हीटिंग चालेल का, बागेकडे काचेची खोली काढू का, आणि जिन्याखालच्या त्या कपाटाचं काय करू.

मी मुळात काँक्रीट रिपेअरवाली. स्ट्रक्चरल इंजिनियर म्हणून सुरुवात केली, जुन्या घरांकडे नंतर ओढली गेले, आता बावीस वर्षं झाली. त्यामुळे माझं उत्तर थोडं ओल, गंज आणि मिलिमीटरकडे झुकेल, ते समजून घ्या.

मला वाटतं दोन्ही आर्किटेक्ट खऱ्या प्रश्नाला बगल देतायत. कोरीव लाकूडकाम असलेलं जुनं घर असेल तर त्यात काय मोलाचं आहे हे लहान पोरही बोट दाखवून सांगेल. तुमच्या घरात तसं काही नाहीच, नक्षी नाही, कमानी नाहीत, खांबांना फुलं नाहीत. मग त्या घरात आहे काय? तर बारीकपणा आहे. खिडकीची चौकट किती सडसडीत, गच्चीची कड किती पातळ, भिंत आणि काच जवळजवळ एका पातळीत, छत कुठेही न तुटता आतून बाहेर छज्ज्यापर्यंत गेलेलं. आणि आजच्या सोयी एक एक करून बघा, इन्सुलेशन, डबल काच, फॉल्स सीलिंग, जमिनीतलं हीटिंग, गच्चीवर नवीन वॉटरप्रूफिंग, ह्यातली प्रत्येक गोष्ट कुठे ना कुठे जाडी वाढवते. म्हणजे भांडण जुन्या-नव्या स्टाइलचं नाहीये, ते जाडीचं आहे. नवीन जाडी कुठे सामावेल आणि कुठे अजिबात नाही, हे एकदा कागदावर आलं की तुमचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

दुसरी एक गंमत आहे. हे घर बांधलं तेव्हाच ते "नवीन" दिसावं म्हणून बांधलं होतं, त्यामुळे त्यात आज केलेलं साधं पांढरं सरळ काहीही जुन्यातच खपून जातं. बाकीच्या जुन्या घरांत नवं फार उठून दिसतं ही तक्रार असते, इथे उलट, वीस वर्षांनी कोणाला कळतच नाही की हे मूळचं का कोणीतरी नंतर घुसवलेलं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधीच सांगून टाकते. घर कायद्याने संरक्षित आहे का, असेल तर फक्त बाहेरून की आतूनही, हे पहिलं. समुद्र जवळ असेल तर मिठामुळे काँक्रीटचं गणितच बदलतं. मूळ ड्रॉइंग किंवा जुने फोटो मिळतात का. आणि मूळचं सामान किती शिल्लक आहे, कारण मधल्या काळात कोणी सगळ्या खिडक्या आणि फरशा आधीच काढून टाकल्या असतील तर तुमचे हात बरेच मोकळे आहेत. ह्यातलं काही तुम्ही लिहिलं नाहीये म्हणून मी धरून चालते की बरंचसं मूळचं शाबूत आहे.

पहिल्या आर्किटेक्टच्या "पहिल्या दिवशीसारखं" ह्या म्हणण्यात एक गोम आहे, पहिला दिवस नेमका कुठला? आयलीन ग्रे ह्या डिझायनरचं दक्षिण फ्रान्समधलं ई-१०२७ हे घर घ्या, १९२६ ते १९२९ मध्ये बांधलेलं. १९३८-३९ मध्ये ल कॉर्ब्युझिए ह्या प्रसिद्ध आर्किटेक्टने त्याच्या भिंतींवर मोठमोठी चित्रं काढली, ग्रेला ते अजिबात आवडलं नव्हतं. अलीकडे घर दुरुस्त केलं तेव्हा बाकी घर ग्रेच्या काळाकडे नेलं, पण ती चित्रं काही सरसकट पुसून टाकली नाहीत, कारण तोवर तीही त्या घराचा इतिहास झाली होती. उत्तर फ्रान्समधला रॉबेर माले-स्तेव्हाँचा व्हिला काव्हरुआ, १९३२ चा, त्याची पार लुटून नेलेली अवस्था होती. तिथे बारीकसारीक सामानासकट मूळ रूप परत आणलं, पण एक खोली मुद्दाम पडक्या अवस्थेत तशीच ठेवली. म्हणजे तज्ज्ञ लोकसुद्धा अख्ख्या घराला एकच तारीख लावत नाहीत, खोलीगणिक ठरवतात. तुम्हीही तसंच करा.

मी काय करते, घराचा प्लॅन मोठा छापून घेते आणि तीन रंगीत पेन्सिली घेऊन मालकांसोबत घरभर फिरते. लाल म्हणजे हात लावायचा नाही, फक्त दुरुस्ती. पिवळा म्हणजे बदल चालेल पण काढलेलं परत बसवता आलं पाहिजे. हिरवा म्हणजे मोकळं रान. लाल सहसा निघतं जिना, मुख्य बैठक, खिडक्यांची ओळ, गच्चीची कड. हिरवं निघतं स्वयंपाकघर, बाथरूम, बॉयलरची खोली, गॅरेज, नोकरांच्या खोल्या. त्या काळच्या घरांत ह्या मागच्या खोल्यांना बरीच जागा दिलेली असते आणि आज त्यांचं मूळ काम उरलेलं नसतं, म्हणून तुमच्या नव्या गरजांपैकी बहुतेक तिथेच मावतात. ही फेरी एका दिवसात उरकू नका. जमलं तर एक अख्खा पावसाळा आणि एक हिवाळा घर नुसतं बघा. भिंतीवर ओल दिसली की तिच्या कडेने पेन्सिलने रेघ मारायची आणि बाजूला तारीख लिहायची. चार महिन्यांनी त्या रेघा जे सांगतात ते कुठलंही मशीन सांगत नाही.

ह्याच काळात रंग खरवडून बघा. सर्जिकल ब्लेड आणि चांगला दिवा पुरतो. एका घरात मालक छातीठोकपणे सांगत होते की घर पहिल्यापासून पांढरं आहे, आम्ही जिन्याच्या भिंतीवर रुपयाएवढी जागा पायरी-पायरीने घासली तर पांढऱ्याचे सहा हात, मग एक पिवळट, आणि सगळ्यात खाली राखाडी झाक असलेला गर्द निळा. फक्त त्या एकाच भिंतीला, बाजूची भिंत खरोखरच पांढरी होती. ह्या घरांचे जुने फोटो कृष्णधवल आहेत म्हणून आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की मॉडर्न म्हणजे पांढरं. १९३१ मध्ये ल कॉर्ब्युझिएने भिंतींच्या कागदांसाठी रंगांची अख्खी मालिका काढली होती, नेदरलँड्समधल्या युट्रेक्टचं, आर्किटेक्ट रिटव्हेल्डचं १९२४ चं श्र्योडर हाउस तर लाल-निळ्या-पिवळ्यासाठीच ओळखलं जातं. तेव्हा खरवडल्याशिवाय रंगाची ऑर्डर देऊ नका. खिडक्यांच्या स्टीलवर तळाशी शेंदरी थर लागला तर थांबा, तो बहुतेक शिशाचा प्रायमर असतो, कोरडं घासून त्याची धूळ उडवायची नाही. जुन्या फरशीखालचा काळा गोंद आणि पाइपांवरचं पांढरं गुंडाळलेलं आवरण, ह्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, आधी तपासून घ्या मगच ड्रिल लावा.

आता पाणी. हे पहिलं, बाकी सगळं नंतर, आणि ह्यावर मी हट्टी आहे. सपाट गच्ची ही ह्या घरांची शान आणि हीच दुखरी नस. पॅरिसजवळच्या पोइसीचा व्हिला साव्हॉय, १९३१ मध्ये पूर्ण झाला, जगभरच्या विद्यार्थ्यांना शिकवतात तो, तोसुद्धा गळत होता आणि मालकीणबाई तक्रारीची पत्रं लिहीत होत्या. तेव्हा तुमचं घर गळतंय म्हणून लाज वाटून घेऊ नका.

गळती बहुतेक वेळा गच्चीच्या मधोमध नसते, कडेला असते. पॅरापेट (गच्चीचा कठडा) जिथे स्लॅबला मिळतो तिथला वाटा (सांध्यातला गोलसर उतार), पाणी जायची तोंडं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गच्चीवर उघडणाऱ्या दाराचा उंबरा. माझ्या सुरुवातीच्या एका कामात मीच ही चूक केली. जुन्या वॉटरप्रूफिंगवर आधीच दोन थर चढलेले होते, मी वर इन्सुलेशन, ढाळासाठी थर, त्यावर नवीन मेम्ब्रेन (पाणी अडवणारा पडदा) असं सगळं पुस्तकाप्रमाणे केलं, आणि काम झाल्यावर लक्षात आलं की गच्चीची पातळी दाराच्या उंबऱ्यापासून जेमतेम दोन बोटं खाली राहिलीय. मेम्ब्रेन कडेला साधारण १५० मिमी वर चढवावं असा आमच्यात दंडक आहे, मला मिळाले ४०. पहिल्याच मोठ्या पावसात पाण्याची तोंडं पाल्याने तुंबली आणि पाणी उंबरा ओलांडून बैठकीत. सगळं उकलून पुन्हा करावं लागलं, आणि मालकांनी मला तेव्हा जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून गच्चीवरचे जुने थर आधी पूर्ण काढायचे, स्लॅब उघडा करायचा, आणि मगच नवीन जाडी मोजायची. जुने थर काढले की बरेचदा ८०-१०० मिमी सापडतात, त्यातच तुमचं इन्सुलेशन बसतं आणि बाहेरून गच्चीची कड होती तेवढीच पातळ राहते. स्लॅबवरचं ओझंही उतरतं ते वेगळं. कडेला इन्सुलेशन निमुळतं करत न्यायचं, म्हणजे पॅरापेट उंच करावा लागत नाही.

पाणी थांबलं की काँक्रीट. छोट्या हातोडीने ठोकत जा, खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत पोकळ. ताज्या काँक्रीटचा पीएच १२.५ ते १३ असतो आणि त्या क्षारीपणामुळेच आतली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरत जातो आणि पीएच ९ च्या खाली आला की ते संरक्षण संपतं. नुकत्याच फोडलेल्या जागी फिनॉल्फ्थॅलिन (क्षारीपणा दाखवणारं रसायन) शिंपडलं की चांगलं काँक्रीट गडद गुलाबी होतं आणि निकामी झालेलं बिनरंगी राहतं, मग पट्टीने खोली मोजायची. आता गणित बघा, ही खोली वर्षांच्या वर्गमुळाच्या हिशोबाने वाढते, वय चौपट झालं की खोली दुप्पट. समजा घर ९० वर्षांचं आहे आणि खोली ३० मिमी निघाली. त्या काळी सळईवरचं कव्हर, म्हणजे तिच्यावरचा काँक्रीटचा थर, बरेचदा १५ मिमीच असायचं, म्हणजे घर जेमतेम २२-२३ वर्षांचं असतानाच हवा सळईपर्यंत पोचली होती! आणि पुढच्या दहा वर्षांत ती खोली वाढणार किती, तर दीड-पावणेदोन मिमी. म्हणजे संरक्षण तर केव्हाच गेलंय, तरी घर उभं आहे, कारण काँक्रीट कोरडं असलं तर गंज जवळपास पुढे सरकतच नाही. म्हणून मी पाण्याचा एवढा धोशा लावते. कोणी रिपोर्ट दाखवून घाबरवलं की सगळं पाडून नव्याने ओतावं लागेल, तर आधी विचारा, ओल किती आहे ते मोजलंत का. (समुद्रकाठी मात्र हा दिलासा धरू नका, मिठातलं क्लोराइड हा वेगळा शत्रू आहे, त्याची वेगळी टेस्ट करा.)

ठिगळं लावताना एक सापळा असतो. गंजलेला भाग फोडून नवीन मसाला भरला की तिथली सळई सुरक्षित होते, पण ठिगळाच्या लगत बाहेरचा जुना भाग आता जास्त वेगाने गंजायला लागतो, चार-पाच वर्षांत ठिगळाभोवती तड्यांची कड दिसते. त्यावर उपाय म्हणजे सळईच्या मागेपर्यंत काँक्रीट नीट काढणं आणि कडेला झिंकचे छोटे अ‍ॅनोड बांधणं, ते स्वतः झिजतात आणि सळईला वाचवतात. आणि वरून तो रबरासारखा जाड वॉटरप्रूफ पेंट मारू नका, आत अडकलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि मूळ गिलाव्याचा बारीक खरखरीतपणा, जो उन्हात फार सुंदर दिसतो, तो प्लास्टिकच्या कातड्याखाली कायमचा जातो. श्वास घेणारा सिलिकेटचा रंग बघा.

ताकद वाढवायची गरज पडलीच तर अमेरिकेतलं फॉलिंगवॉटर डोळ्यासमोर ठेवा. फ्रँक लॉइड राइटच्या त्या घराचे झऱ्यावर पुढे आलेले सज्जे १९३७ पासून हळूहळू खाली वाकत होते, टोकाला जवळजवळ ७ इंच. २००२ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा जमिनीच्या फरशा उचलून खाली स्टीलच्या केबल्स टाकून ताणल्या आणि फरशा परत जागच्या जागी बसवल्या. दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत: नवीन स्टील जमिनीत आधीच असलेल्या पोकळीत गेलं, बाहेरून एक रेघ बदलली नाही. आणि वाकलेले सज्जे त्यांनी पुन्हा सपाट करायचा अट्टाहास केला नाही, पुढे वाकणं थांबवलं आणि तेवढ्यावर समाधान मानलं. आम्हा इंजिनियर लोकांना हा दुसरा भाग पचायला जड जातो.

तर इथवर: आधी तीन पेन्सिली, मग पाणी, मग काँक्रीट. ह्यात "जुनं-नवं" दिसण्याचा विषय अजून आलाच नाही आणि बजेटचा मोठा भाग मात्र संपलाय, हे आधीच मनाला सांगून ठेवा. मी मालकांना एकूण रकमेचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवायला लावते, फोडल्यावर काय निघेल ह्यासाठी, आणि तो आजवर एकदाही उरलेला नाही.

आता तुमच्या खिडक्या. अ‍ॅल्युमिनियमला माझा स्पष्ट नकार आहे आणि त्याचं कारण भावनिक नाही. जुन्या स्टीलच्या चौकटीची समोरून दिसणारी पट्टी साधारण ३०-४० मिमी असते. थर्मल ब्रेकवाल्या (मध्ये उष्णता अडवणारी पट्टी घातलेल्या) अ‍ॅल्युमिनियमची सहज ७०-८०. फरक वाटतो चार सेंटीमीटरचा, पण तुमच्या सहा मीटरच्या खिडकीत आठ भाग असतील तर नऊ उभ्या पट्ट्या आल्या, नऊ गुणिले ४० म्हणजे ३६० मिमी काच गेली. जवळजवळ हातभर उजेड गेला म्हणा ना. आणि बाहेरून ती सलग काचेची फीत दिसायची बंद होते, तिथे कुंपण उभं राहतं. मी हे करून बसलेय, सुरुवातीच्या काळात एका मालकांच्या आग्रहाला बळी पडून, काम अगदी चोख झालं होतं, एक थेंब आत येत नव्हता, आणि घर मेलं होतं. अजूनही त्या रस्त्याने जायचं टाळते.

स्टीलच्या खिडक्या दिसतात तेवढ्या खराब नसतात. गंज फुगतो, त्यामुळे ३ मिमीची खपली बघून वाटतं सगळं गेलं, प्रत्यक्षात अर्धा-पाऊण मिमी धातू गेलेला असतो. आमची पद्धत अशी: प्रत्येक तावदानाला नंबर, काच काढायची, जुनी लांबी (काचेची पुटी) हलक्या हाताने ऊब देऊन सोडवायची (ऊब म्हणजे ऊब, शिसं असेल तर ज्वाळा लावायची नाही), झडपा वर्कशॉपला न्यायच्या, खालचा आडवा गज बहुतेकदा गेलेला असतो तेवढाच कापून नवीन वेल्ड करायचा, झिंकचा फवारा आणि मग रंग. चौकट भिंतीतच राहू द्यायची, उपटायला गेलात तर बाजूचा गिलावा आणि कधीकधी काँक्रीटची कड घेऊन येते. बिजागऱ्या नीट झाल्या आणि झडपेभोवती बारीक सीलची पट्टी बसली की थंडीची निम्मी तक्रार तिथेच मिटते, कारण गार वारा काचेतून कमी आणि फटीतून जास्त येत असतो.

काचेबद्दल. साध्या एकेरी काचेची यू-व्हॅल्यू (उष्णता किती निसटते त्याचा आकडा, कमी तितका चांगला) ५.७-५.८ च्या आसपास, नेहमीच्या डबल काचेची २.८ च्या आसपास पण जाडी २०-२४ मिमी, ती तुमच्या स्टीलच्या खाचेत बसणारच नाही. व्हॅक्यूम काच (दोन काचांमधली हवा काढून टाकलेली) ६ ते ८ मिमी जाड असते आणि व्हॅल्यू १ च्या आसपास किंवा त्याहून कमी मिळते, महाग आहे, पण जाडीच्या हिशोबात तिला तोड नाही. मात्र वजन बघा, काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो, ३ मिमीच्या जागी ४-४ च्या दोन काचा आल्या की साडेसातचे वीस किलो झाले, बिजागरी आणि झडप ते पेलणार का हे आधी एका झडपेवर करून बघा. जिथे मूळची किंचित लहरी काच शिल्लक असेल तिथे मी ती ठेवते आणि आतून काढता येणारं दुसरं तावदान लावते.

आणि हे फार कमी लोक सांगतात: खिडक्या फार चांगल्या केल्या की ओल जागा बदलते. आधी दव काचेवर धरायचं, फडक्याने पुसलं की झालं. आता काच उबदार झाली, मग घरात सगळ्यात गार काय उरलं, तर स्लॅबची ती कड जी आतून सलग बाहेर बाल्कनीपर्यंत गेलीय. तिथे कोपऱ्यात बुरशी येते. म्हणून काच बदलाल त्याच वेळी हवा खेळती राहायची सोय आणि त्या कडेपाशी आतून थोडं पातळ इन्सुलेशन, हे एकत्रच ठरवायचं. भिंतींना बाहेरून १०० मिमी इन्सुलेशन लावायचा सल्ला कोणीतरी देईलच, ऐकू नका, खिडक्या आत जातात आणि घराचे डोळे खोल गेल्यासारखे दिसतात, आजाऱ्यासारखे.

जमिनीखालचं हीटिंग. तुमच्या दुसऱ्या आर्किटेक्टने ६०-७० मिमीचा थर सुचवलाय. एकच गोष्ट करा, जिन्यापाशी जाऊन उभे राहा. तुमची पायरी समजा १७० मिमी उंचीची आहे, जमीन ७० ने वर आली की पहिली पायरी १०० ची आणि बाकी सगळ्या १७० च्या. पाय ही चूक रोज पकडतो, म्हातारं माणूस तर पडतंच. दारं खालून कापावी लागतात, स्कर्टिंग गिळलं जातं, आणि खाली मूळ टेराझो (सिमेंटमध्ये दगडाचे खडे घालून घासलेली जमीन) असेल तर तो गेलाच. त्यामुळे लाल खोल्यांत नाही म्हणजे नाही. हिरव्या खोल्यांत, जिथे फरशी आधीच कोणीतरी बदललीय, तिथे जुना थर खणून त्याच पातळीत खुशाल करा. बैठकीत जुने रेडिएटर असतील तर ते ठेवून कमी तापमानावर चालवता येतात का बघा, गच्ची आणि फटी नीट झाल्या की उष्णतेची गरजच बरीच उतरलेली असते. म्हणून हीटिंगचं गणित सगळ्यात शेवटी करायचं, आधी नाही.

वायरी आणि पाइप कुठून न्यायचे ह्यासाठी घराला आधीच पोकळ्या असतात, त्या शोधा: बंद पडलेली चिमणी, बिल्ट-इन कपाटांची पाठ, कोळशाची खोली. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोमधला व्हिला टुगेंडहाट, आर्किटेक्ट मीस व्हॅन डर रोहचा, १९३० चा, त्यात हवा गरम करून फिरवायची यंत्रणा आणि मोठ्या काचा जमिनीत उतरवणाऱ्या मोटारी हे सगळं तळघरात दडवलेलं, वर नुसती मोकळी शांत जागा. म्हणजे यंत्रं लपवून ठेवणं हे ह्या घरांच्या स्वभावातच आहे, तुमचा हीट पंप गॅरेजमध्ये गेला तर तुम्ही मूळ विचाराशी प्रामाणिकच राहताय. फक्त काँक्रीटच्या भिंतीत खाचा मारायला कोणालाही परवानगी देऊ नका, इलेक्ट्रिशियन कितीही म्हणाला तरी, १५ मिमी कव्हर आहे हे त्याला माहीत नसतं.

मग नवं दिसावं कुठे आणि कसं? १९६४ चा व्हेनिस चार्टर, म्हणजे जुन्या वास्तू जपण्याची आंतरराष्ट्रीय सनद, म्हणतो की गहाळ भागाच्या जागी घातलेलं नवं एकूणात मिळून जावं पण मूळचं आहे असा आव आणू नये. मी साइटवर ह्याचं सोपं रूप वापरते: दोन मीटरवरून डोळ्याला खुपू नये, हाताच्या अंतरावर आल्यावर कळावं. टेराझोचं ठिगळ असेल तर तेच खडे, तोच रंग, पण भोवती अर्ध्या मिलिमीटरची पितळी पट्टी. नवीन भिंत असेल तर ती जुन्या छताला चिकटवायची नाही, १०-१५ मिमीची सावलीची फट सोडायची. स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली एकत्र करायची तुमची इच्छा मला रास्त वाटते, पण मधली भिंत पूर्ण साफ करू नका, दोन्ही टोकांना २०० मिमी आणि वर छताखाली तेवढीच पट्टी ठेवा, म्हणजे इथे दोन खोल्या होत्या हे वाचता येतं, शिवाय फरशीतला जोड तिथेच येतो, तो वेगळा झाकायला लागत नाही.

बागेकडच्या काचेच्या खोलीबद्दल मी साशंक आहे. असं घर चारी बाजूंनी बघायची वस्तू असते, त्याला पाठ नसते, त्यामुळे काहीही चिकटवलं की ते चिकटवलेलंच दिसतं. काचेचं आहे म्हणून दिसणार नाही हा गैरसमज, रात्री दिवा लागला की तेच सगळ्यात आधी दिसतं. आधी गॅरेज आणि नोकरांच्या खोल्या वापरून बघा, ती जागा पुरली तर प्रश्नच मिटला. नाहीच पुरली तर वेगळी छोटी इमारत करा, मूळ घराच्या छज्ज्यापेक्षा बुटकी, थोडी मागे सरकवलेली, मध्ये अरुंद जोड, आणि पाया पूर्ण स्वतंत्र. नवीन पाया सुरुवातीला थोडा खचतोच, जुन्याला बांधलात तर जोडावर तडा ठरलेला. मटेरियल पांढरा गिलावा नको, मी बहुतेक वेळा गडद लाकूड घेते, ते मागे राहतं.

राहिलं तुमचं जिन्याखालचं कपाट, कुबट वास येतो आणि दार अडकतं म्हणून फेकून द्यायचं म्हणताय ते. फेकू नका. ह्या घरांत बिल्ट-इन कपाट हे फर्निचर नसतं, भिंतीचाच भाग असतो. टुगेंडहाटच्या जेवणाच्या भागातली मकासर एबनी ह्या गडद लाकडाची अर्धगोल भिंत युद्धाच्या काळात नाहीशी झाली होती आणि तिच्या फळ्या २०११ मध्ये त्याच शहरातल्या विद्यापीठाच्या कॅन्टीनच्या भिंतीला लावलेल्या सापडल्या, त्या परत आणून बसवल्या. तुमचं कपाट तर जागेवरच आहे. मागची फळी सोडवा, पाठीमागे भिंतीत पाइप जातोय का बघा, वासाचं मूळ बहुतेक तिथेच असेल. दार अडकतंय ते लाकूड ओलीने फुगल्यामुळे, आत्ता रंधा मारायला गेलात तर कोरडं झाल्यावर फट पडेल. पाइप दुरुस्त करा, कपाट उघडं ठेवून एक उन्हाळा जाऊ द्या, मग बघा किती अडकतंय ते.

फळी काढल्यावर आतला फोटो आणि गच्चीच्या दाराच्या उंबऱ्याचा टेप लावून काढलेला फोटो टाका, उंबऱ्यापासून गच्ची किती खाली आहे ते मला आकड्यात बघायचंय.